संध्याकाळच्या कॉर्टिसोलचं करायचं काय?

हल्ली पेशंट तक्रार सांगण्याआधी फाइल पुढे करतात. आत ‘हार्मोन पॅकेज’चे रंगीत रिपोर्ट. कॉर्टिसोलपुढे लाल बाण, ग्रोथ हार्मोन जवळजवळ शून्य. रक्त कधी दिलं होतं असं विचारलं की उत्तर येतं, ‘ऑफिस सुटल्यावर, जाता जाता.’ मग हा कागद रद्दीत घाला, असं सांगावं लागतं आणि पैसे मोजलेला माणूस रागावतो.

रागवा, पण ऐका. अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून येणारं कॉर्टिसोल सकाळी आठच्या सुमारास भरपूर असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. संध्याकाळी ते कमी असणं हा आजार नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रोथ हार्मोन सोडते तेही राहून राहून, मुख्यतः गाढ झोपेत. दिवसा ठणठणीत माणसाच्या रक्तातही ते नावापुरतंच सापडतं. ‘एकदा रक्त दिलं की सगळे हार्मोन कळतात’ हा समज म्हणूनच डोक्यातून काढा.

बसलेल्या बैलाची ताकद कळत नाही, मानेवर जू ठेवावं लागतं. या ग्रंथींचंही तसंच आहे. जुनी पद्धत म्हणजे इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम ४०च्या आसपास उतरवायची आणि ग्रंथी धावून येतात का ते पाहायचं. फिट येणाऱ्यांना आणि हृदयविकार असणाऱ्यांना हे धोक्याचं. तिथे ग्लुकॅगॉन कामाला येतं. हे स्वादुपिंडाचंच हार्मोन. ते यकृतातली साठवलेली साखर रक्तात आणतं. मोठ्या माणसाला साधारण १ मिलिग्रॅम स्नायूत टोचलं की साखर आधी चढते, मग उतरते. पिट्युटरी शाबूत असेल तर ग्रोथ हार्मोन दोन-तीन तासांत वर येतं, आणि पिट्युटरीच्या हुकमावरून अ‍ॅड्रिनल कॉर्टिसोल सोडतात.

या इंजेक्शनने डायबेटिस होत नाही, घाबरू नका. रात्रीपासून उपाशी यायचं, तीन-चार तास बसायचं, दर अर्ध्या तासाने रक्त द्यायचं. मळमळ बऱ्याच जणांना होते, क्वचित उलटीही. नंतर साखर उतरू शकते, म्हणून खाऊनच घरी जायचं.

एक बाई आठवतात. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला, अंगावर दूध आलं नाही, पाळी परतली नाही. पुढची काही वर्षं थकवा, थंडी वाजणं, चक्कर. घरचे म्हणायचे, ‘हिला कामाचा आळस.’ टीएसएच नॉर्मल, म्हणून थायरॉइड ठीक असा शिक्का बसला. पिट्युटरीच बिघडली की टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉइडचं हार्मोन कमी असू शकतं, हे पॅकेज सांगत नाही. कुणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी थायरॉइडची गोळी सुरू केली आणि आठवड्याभरात उलट्या, बीपी खाली, थेट सलाइन. कॉर्टिसोल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी दिली, तर आहे तेही कॉर्टिसोल लवकर संपतं. त्या सावरल्यावर सकाळचं कॉर्टिसोल अधांतरी आलं, मग ग्लुकॅगॉनची तपासणी केली. दोन्ही हार्मोन जागचे हलले नाहीत. शीहान या डॉक्टरने हा आजार १९३७ साली सविस्तर मांडला, तो आपल्याकडे अजून भेटतो. योग्य गोळ्या मिळाल्यावर बाई शेतात जाऊ लागल्या.

आता थोडं रागावतो. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ नावाचं जे निदान मोबाइलवर फिरतं, त्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. त्यावरच्या पावडरी आणि जिममधले ‘ग्रोथ हार्मोन बूस्टर’ विकत घेऊ नका. त्याहून वाईट सांधेदुखीची पुडी. दोन दिवसांत जादू झाली, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडने तुमच्या अ‍ॅड्रिनल झोपी जातात. मग पुडी अचानक बंद केली की जिवावर बेततं. पुडी, मलम, इनहेलर, सांध्यातलं इंजेक्शन, गर्भनिरोधक गोळ्या यांतलं काहीही घेत असाल तर तपासणीआधी सांगा, रिपोर्ट बदलतो. मात्र स्वतःहून काही थांबवू नका.

डोकेदुखी, धडधड आणि दरदरून घाम यांचे झटके येत असतील, तर तेही आधी सांगा. अ‍ॅड्रिनलमध्ये अ‍ॅड्रिनॅलिन सोडणारी गाठ असेल, तर ग्लुकॅगॉनने बीपी भडकतं. अशा पेशंटला ते द्यायचं नसतं.

बाकी बहुतेक थकवा झोप, रक्तक्षय किंवा चिंता यांचाच असतो. पण वजन उतरणं, उभं राहताच चक्कर, मीठ खाण्याची ओढ, कातडी काळवंडणं, वारंवार साखर किंवा सोडियम कमी येणं, बाळंतपणानंतर दूध व पाळी न येणं, मुलाची उंची खुंटणं, यांपैकी काही असेल तर हार्मोनतज्ज्ञाला दाखवा. स्टेरॉइड घेणाऱ्याला उलट्या, पोटदुखी, ग्लानी आली तर सकाळची वाट पाहू नका. थेट दवाखाना गाठा आणि पहिलं वाक्य हेच बोला: ‘मी स्टेरॉइड घेतो.’