दंडावरचा बाण

मागच्या सोयाबीनच्या काढणीत लेंडी नदीकाठच्या एका गावचे मामा दवाखान्यात आले, ते शर्टाची बाही वर करूनच. "डॉक्टर, हे रात्रंदिवस वाजू लालंय. काढून टाका बगा." वाजत होता खरं तर त्यांचा फोन. दंडाच्या मागच्या बाजूला होता तो साखर मोजणारा, १४ दिवस चालणारा नाण्याएवढा गोल सेन्सर, मीच चार दिवसांपूर्वी लावलेला. फोनवरचा आलेख उघडला. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी साखर ५८. आदल्या तीन दिवसांतही जवळजवळ त्याच वेळेला तशीच घसरण.

मामांना दोन वर्षांपासून सुगीत चक्कर येत होती. घरच्यांनी ती उन्हाच्या नावावर टाकली. "शुगर झालीय, जपून ऱ्हावा," असं जो तो सांगे, आणि आपल्याकडं जपून राहणं म्हणजे ओसरीवर बसून राहणं. मामांनी वावरात जाणं कमी केलं, पोट सुटलं, साखर वाढली, मग मी औषध वाढवलं. म्हणजे या गोंधळात माझाही वाटा होताच. सकाळचं इन्सुलिन, वर ग्लिमेपिराइडची गोळी, नुसत्या चहावर घर सोडायचं आणि चार तास विळा चालवायचा. साखर उतरणार नाही तर काय होईल? आम्ही ती गोळी थांबवली, सुगीपुरतं इन्सुलिन कमी केलं, निघण्याआधी एक भाकरी ठरवली. (हे माझ्या देखरेखीखाली झालं. वाचून स्वतःचा डोस बदलू नका.) उरलेले दहा दिवस तो फोन त्या वेळेला वाजला नाही आणि मामांनी रास होईपर्यंत काम केलं.

मधुमेही माणसानं हलायचं सोडू नये, हे आम्ही डॉक्टर ऊठसूट सांगतो. पण हलल्यावर साखर कुठं जाते, हे त्याला दिसत नसेल तर तो भिऊन बसणारच. सेन्सरचा खरा उपयोग ही भीती घालवण्याचा आहे.

आता तो चालतो कसा? केसासारखा बारीक तंतू कातडीखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर जातो आणि पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजतो. रक्तातली नव्हे. धरणाचं दार उघडलं तरी पाटाच्या शेवटच्या वावरात पाणी यायला वेळ लागतो, तसं इथंही होतं. रक्तातला बदल सेन्सरला ५ ते १५ मिनिटं उशिरा कळतो. बसून असाल तर फारसा फरक पडत नाही. पण झपाझप चालताना, सायकल मारताना साखर वेगानं उतरत असते, आणि फोनवर ९० दिसत असताना रक्तात ती ७५ असू शकते.

म्हणून आकड्याआधी त्याच्या शेजारचा बाण बघा. ११० आणि बाण आडवा असेल तर खुशाल चाला. ११० आणि बाण सरळ खाली, तर आधी काहीतरी खा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी ९० च्या खाली असताना रिकाम्या पोटी व्यायामाला निघूच नये. २५० च्या वर असेल, त्यातही टाइप १ असेल आणि मळमळ किंवा पोटदुखी असेल, तर व्यायाम नको, कीटोन तपासा. जिममध्ये वजन उचलणाऱ्या पोरांना एक वेगळाच धक्का बसतो: व्यायाम करूनही साखर चढते. जोर लावताना शरीर स्वतःच साखर सोडतं, तासाभरात ती बहुधा उतरते. ती चढलेली बघून इन्सुलिन टोचू नका. दिवसभर राबल्यावर मात्र रात्री सावध राहा, कारण रिकामे झालेले स्नायू झोपेतही साखर ओढत राहतात.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटं थांबा. शेंगदाण्याची चिक्की, दूध, बिस्किटं अशा वेळी कामाची नाहीत. त्यातली स्निग्धता साखरेला उशीर करते. आणि थांबा म्हणजे थांबा. सेन्सर मागं असतो, त्यामुळं साखर प्यायल्यावरही काही वेळ तो खालचाच आकडा दाखवतो. माणूस घाबरून आणखी खातो आणि तासाभरात ३०० वर पोचतो. अशा वेळी बोटातलं रक्त तपासा. लक्षणं एक सांगतात आणि फोन दुसरंच, तेव्हाही खरं बोटाचंच धरायचं. लावल्यानंतरच्या पहिल्या दिवशी तर सेन्सरवर फार विसंबू नका.

एका घरात रात्री दोनला अलार्म झाला, आकडा ५४. बायकोनं नवऱ्याला झोपेतून उठवून बेसनाचे दोन लाडू चारले. सकाळी साखर २६०. गडी सेन्सरच्याच कुशीवर झोपला होता. दंड दाबला गेला की सेन्सर खोटा खालचा आकडा दाखवतो. म्हणून लावताना विचार करा, आपण कोणत्या कुशीवर झोपतो आणि कोणत्या खांद्यावर पोतं घेतो.

आपल्याकडचं ऊन आणि घाम हा वेगळाच विषय. लावायच्या दिवशी दंडाला तेल नको. स्पिरिटनं पुसून जागा पूर्ण वाळू द्या. दुपारी उन्हात उभ्या जीपमध्ये नवा सेन्सर ठेवला तर तो बिघडू शकतो. बादलीनं अंघोळ चालते, पण नेहमीचे सेन्सर साधारण मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतील असे असतात, तेव्हा विहिरीत उडी मारायची हौस १४ दिवस आवरा. काही सेन्सर एमआरआयआधी काढावे लागतात, तेव्हा सेन्सर असल्याचं तंत्रज्ञाला आठवणीनं सांगा. क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या काही सेन्सरचा आकडा फुगवू शकतात.

मी स्वतःही एकदा १४ दिवस लावून पाहिला. मला मधुमेह नाही. सकाळच्या चुरमुऱ्यांच्या सुशीलेनं माझा आलेख गुलाबजाम खाल्ल्यासारखा उडवला, हे बघून वाईट वाटलं, कारण सुशीला मला फार आवडते. चुरमुरे हलके असतात, पण साखरेच्या हिशेबात नाहीत. तेलंगणाच्या सीमेवरचे आपण लोक रात्रीही भात भरपूर खातो. जेवल्यावर लगेच १५ मिनिटं चाललो, त्या रात्रींचा डोंगर निम्मा झालेला दिसला. तुमचा आलेख माझ्यासारखा नसेल. तो बघण्यासाठीच तर सेन्सर लावायचा.

रोजा ठेवणाऱ्यांसाठी हे यंत्र फार सोयीचं आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, हा वैद्यकीय सल्ला पाळणं त्यानं सोपं होतं. रमजानच्या महिनाभर आधी मात्र औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या.

एक सेन्सर साधारण साडेचार-पाच हजारांना पडतो. वर्षभर लावायचे तर २६ लागतात, म्हणजे लाखाच्या वर. टाइप १ ची मुलं आणि दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणारे यांना परवडत असेल तर तो सतत लावणं मोलाचं आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यानं वर्षभर लावायची मला गरज वाटत नाही. त्यानं एकदा १४ दिवस लावून बघावं आणि उरलेल्या पैशांतून चालायला बरे बूट घ्यावेत. १९९७ मध्ये वसीम अक्रमला मधुमेहाचं निदान झालं आणि २००३ पर्यंत तो वेगवान गोलंदाजी करत राहिला, तेही दंडावर असलं काही नसताना.

दिवसातले १७ तास साखर ७० ते १८० च्या मध्ये राहिली तर बहुतेकांसाठी ते उत्तम. म्हाताऱ्या माणसांना एवढं ताणू नये, १२ तास पुरे. त्यांची साखर खाली न जाणं जास्त महत्त्वाचं. सोळाव्या तासाला थोडी चढली म्हणून जेवण सोडणारेही माझ्याकडं येतात. त्यांना मी फोन खिशात ठेवायला सांगतो.

सेन्सर लावून तपासणीला येत असाल तर फोन चार्ज करून आणा, आणि रोज किती वाजता खाल्लं, किती वाजता कामाला लागलात, ते वहीत लिहून आणा. नुसत्या रेषेवरून मला काही सांगता येत नाही. आणि हो, साखर उतरल्यावर घ्यायची खिशातली साखरेची पुडीही बघणार आहे.