दह्याचा आंबटपणा आणि साखरेचा हिशेब

फळांचे दही म्हणून बाजारात प्लॅस्टिकचे छोटे कप मिळतात. त्यांवर आंब्याची, स्ट्रॉबेरीची रसरशीत चित्रे असतात. दही पौष्टिक आणि फळही पौष्टिक, मग दोन्ही मिळून दुप्पट पौष्टिक, असा आपला समज होतो. आता कपावरची बारीक छपाई वाचा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. अनेक कपांवर दुधाच्या पाठोपाठ साखर आणि फळ त्याच्याही नंतर, असा क्रम तुम्हांला आढळेल. म्हणजे आत फळापेक्षा साखर जास्त आहे, हे तो कपच सांगत असतो.

एवढी साखर का लागते? याचे उत्तर दह्याच्या रसायनात आहे. १०० ग्रॅम दुधात सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा, म्हणजेच लॅक्टोज, असते. विरजणातले जीवाणू तिच्यापैकी काही भाग वापरून दुग्धाम्ल तयार करतात. आम्लता वाढून दुधाचा सामू ४.६ च्या आसपास आला की केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून जाळे तयार होते. पाणी आणि स्निग्धांश त्या जाळ्यात अडकतात, आणि आपण म्हणतो, दही लागले. परंतु दही लागले म्हणून जीवाणू काही काम थांबवत नाहीत. भांडे उबेतच राहिले तर ते आम्ल करीतच राहतात आणि दही आंबट होत जाते. मग आपण साखर घालतो. पण लक्षात घ्या, साखर आम्लाला उदासीन करीत नाही. आम्ल होते तेवढेच राहते. फक्त जिभेला ते कमी जाणवते.

अमेरिकेत १९४७ साली डॅनन कंपनीने तळाशी स्ट्रॉबेरीचा गोड थर असलेले दही विक्रीला आणले, ते याचसाठी. तिथल्या लोकांना नुसत्या दह्याचा आंबटपणा रुचत नव्हता.

म्हणून साखर कमी करायची असेल तर आधी आंबटपणा आवरला पाहिजे. ते घरी सहज जमते.

त्याआधी थोडा हिशेब करू. आपल्या देशातील २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर ‘टोटल शुगर्स’ आणि ‘अ‍ॅडेड शुगर्स’ असे दोन आकडे द्यावे लागतात. पहिल्यात दुधाची स्वतःची शर्कराही धरलेली असते, त्यामुळे साध्या दह्याच्या डब्यावरही चारेक ग्रॅमचा आकडा दिसेल. त्याला भिण्याचे कारण नाही. पाहायचा तो दुसरा आकडा. समजा, १०० ग्रॅमच्या कपावर तो ९ ग्रॅम आहे. म्हणजे जवळजवळ दोन चहाचे चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचवले की, वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. २००० किलोकॅलरींचे ५ टक्के म्हणजे १०० किलोकॅलरी. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात. तेव्हा दिवसाची साखर झाली २५ ग्रॅम. त्यांतले ९ ग्रॅम एका छोट्या कपात संपले, आणि चहा, बिस्किटे अजून बाकीच आहेत! (आपले श्रीखंडही या हिशेबात निर्दोष नाही. पुष्कळ घरांत चक्क्याच्या बरोबरीने साखर घालतात. पण ते सणाचे पक्वान्न आहे, रोजचा खाऊ नव्हे.)

आता कृती. अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ द्या. बोटाला सहज सोसेल इतकेच गरम असताना त्यात चमचाभर ताजे, आंबट नसलेले विरजण नीट ढवळा. उन्हाळ्यात चार-सहा तासांत दही लागते. थंडीत रात्रभर लागते. दही लागताच ते थंड जागी हलवा, कारण थंडीत जीवाणूंचे काम मंदावते. सारी किमया या वेळ साधण्यात आहे. शीतकपाट नसेल तर भांडे पाण्याच्या परातीत ठेवून वरून ओले फडके गुंडाळा. बाष्पीभवनाने थोडी थंडाई मिळतेच. दाट दही हवे असेल तर ते स्वच्छ फडक्यात बांधून तासभर टांगा. निथळणाऱ्या पाण्याबरोबर थोडे आम्लही जाते. ते पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा; त्यात प्रथिने आणि कॅल्शियम असतात.

अर्ध्या लिटर दुधाचे, न टांगता, सुमारे पाच कप दही होते. दुधाच्या किमतीला पाचने भागा आणि कपाच्या किमतीशी ताडून पाहा. हे गणित प्रत्येकाने आपापल्या गावच्या भावाने करावे.

गोडीसाठी पिकलेले केळे, चिकू, सीताफळ किंवा डाळिंबाचे दाणे घाला. फळातही साखर असतेच, परंतु अख्ख्या फळात ती पेशींच्या आत, तंतूंसह असते आणि सावकाश शोषली जाते. म्हणून वरील मर्यादेत ती मोजत नाहीत. हंगामातले फळ स्वस्त पडते, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षकांच्या मदतीने प्रयोगशाळेत एक प्रयोग करून पाहा. एकाच दुधाचे दही तीन वाट्यांत लावा. एक वाटी दही लागताच थंड करा, दुसरी चार तासांनी, तिसरी दुसऱ्या दिवशी. प्रत्येकीतले १० ग्रॅम दही पाण्यात कालवून त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाका आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. टिकाऊ फिकट गुलाबी रंग आला की थांबा. हे द्रावण त्वचेला, डोळ्यांना घातक आहे. आणि प्रयोगातले दही चाखायचे नाही. प्रत्येक मिलिलिटर द्रावणामागे ०.००९ ग्रॅम दुग्धाम्ल धरा. ९ मिलिलिटर लागले तर आम्ल ०.०८१ ग्रॅम, म्हणजे ०.८१ टक्के. तीन वाट्यांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.

अननस मात्र सांभाळून. कच्चा अननस दह्यात कालवून ठेवला तर दही काही वेळाने कडू लागते. अननसातले ब्रोमेलिन हे विकर केसीनचे तुकडे करते आणि त्यांतले काही तुकडे कडू असतात. पपईतले पपेन हे विकरही प्रथिने तोडते. म्हणून ही फळे खाण्याच्या वेळीच घालावीत, नाहीतर अननसाच्या फोडी आधी शिजवून घ्याव्यात. उष्णतेने विकर निकामी होते, आणि मग ते दही दुसऱ्या दिवशीही कडू होत नाही.