खाऱ्या पाण्याच्या टाकीतील सूक्ष्म बुडबुडे व त्यांचा बंदोबस्त

समुद्रातील शोभेच्या माशांची पैदास टाकीत करता येते, हे आता सिद्ध झालेले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांच्या अनेक जातींची पिल्ले टाकीत वाढविण्याची रीत बसविलेली आहे. किनाऱ्यावरील ज्या शेतकरी बंधूंनी व महिला बचत गटांनी जोडधंदा म्हणून अशा टाक्या ठेविल्या आहेत, त्यांच्याकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. ती अशी की, प्रोटीन स्किमर सुरू केल्यापासून टाकीत बारीक बुडबुडे पसरतात, पाणी धुकट दिसते व मासे नीट दिसत नाहीत. या तक्रारीची कारणे कोणती व ती कोणत्या क्रमाने शोधावीत, याची माहिती येथे देत आहोत.

स्किमरचे कार्य

माशांची विष्ठा, अंगावरील बुळबुळीत स्राव व उरलेले खाद्य यांपासून पाण्यात सेंद्रिय द्रव्ये मिसळतात. ती कुजली म्हणजे अमोनिया तयार होतो व तो माशांना विषारी असतो. या द्रव्यांपैकी पुष्कळशी हवेच्या बुडबुड्याच्या पृष्ठभागास चिकटतात. स्किमरमध्ये पाण्यात असंख्य बारीक बुडबुडे सोडले जातात. ते घाण घेऊन वर चढतात व फेसाच्या रूपाने वरच्या पेल्यात जमा होतात. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. म्हणूनच हे यंत्र खाऱ्या पाण्यात चांगले चालते. तात्पर्य, बारीक बुडबुडा हा स्किमरचा दोष नसून त्याचे हत्यार आहे. दोष आहे तो बुडबुडा यंत्राबाहेर निसटण्यात.

प्रथम परीक्षा, मग उपाय

गेल्या मे महिन्यात एका गावी टाकी पाहण्यास गेलो असता पुढील प्रकार कळला. टाकीत बुडबुडे दिसू लागल्यावर त्या कुटुंबाने रात्री स्किमर बंद केला. तरीही बुडबुडे येतच राहिले, म्हणून पाणी वर चढविणारा पंपही बंद केला. सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकीत होते, आणि वर्षभर सांभाळून अंड्यावर आणलेली जोडी मेलेली होती. पाणी स्थिर राहिल्याने त्यातील प्राणवायू रात्रीत कमी झाला होता. वास्तविक स्किमर पूर्ण निर्दोष होता. उन्हाने पाणी आटून खालच्या टाकीतील पंपाच्या कप्प्यात पातळी चार बोटे उतरली होती, व पंप पाण्याबरोबर हवाही ओढीत होता. एक घागर गोडे पाणी घालताच बुडबुडे थांबले.

यास्तव पहिली परीक्षा ही करावी : पंप चालू ठेवून केवळ स्किमर दहा मिनिटे बंद करावा. बुडबुडे थांबले तर कारण स्किमरकडे आहे; न थांबले तर ते अन्यत्र आहे. परीक्षा होताच स्किमर पुन्हा सुरू करावा. स्किमर किंवा पंप काही कारणाने अधिक वेळ बंद ठेवावा लागल्यास हवेचा दगड लावून टाकीत हवा चालू ठेवावी.

कारण स्किमरबाहेर असल्यास

(१) पंपाच्या कप्प्यातील पाण्याची पातळी पाहावी. काचेवर खूण करून ठेवावी व रोज सकाळी पाणी खुणेपर्यंत भरावे. आटते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी. खारे पाणी घालीत राहिल्यास खारटपणा वाढत जातो. घनतामापकावर १.०२५ च्या आसपास आकडा राहील असे पाहावे.

(२) पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचे सांधे तपासावेत. तेथे फट असल्यास हवा आत खेचली जाते व पंपाच्या दाबाने पाण्यात प्रमाणाबाहेर विरघळते. यापासून माशांच्या डोळ्यांत व परांत वायूचे फोड येतात. स्किमरमधून निसटलेले बुडबुडे बहुधा केवळ दिसण्यास वाईट असतात. ही फट मात्र घातक आहे. ती दिसताच त्याच दिवशी दुरुस्त करावी.

(३) वरच्या टाकीतून येणारी नळी खालच्या टाकीत उंचावरून पडत असल्यास तिचे तोंड पाण्याखाली न्यावे.

कारण स्किमरकडे असल्यास

(१) यंत्र नवीन असल्यास घाई करू नये. प्लॅस्टिकवरील तेलकट अंश धुऊन जाऊन आतील बाजूस पातळ थर बसेपर्यंत काही दिवस, क्वचित दोन आठवडेही, बुडबुडे निसटतात. बसविण्यापूर्वी यंत्र पाणी व थोडे व्हिनेगर यांत चालवून स्वच्छ पाण्याने धुवावे. साबण कदापि लावू नये.

(२) स्किमर निर्मात्याने सांगितलेल्या खोलीवरच उभा असावा. अधिक खोल बसल्यास आतील पातळी चढते व फेस पाणचट होतो. खाली प्लॅस्टिकचा ठोकळा ठेवून यंत्र थोडथोडे वर घ्यावे. एका दिवशी एकच बदल करावा व परिणाम पाहून मगच पुढचा करावा. अनेक बदल एकदम केल्यास गुण कशाचा आला ते कळत नाही.

(३) हवेची नळी मिठाच्या खपल्यांनी तुंबते. ती दर आठवड्यास कोमट गोड्या पाण्याने धुवावी.

(४) औषध किंवा टाकी चिकटविण्याचा ताजा लेप पाण्यात गेल्यास फेस एकाएकी उतू जातो. अशा वेळी सुमारे एक दशांश पाणी बदलावे व सक्रिय कोळसा वापरावा. औषधोपचार चालू असता मात्र सल्ल्यावाचून कोळसा टाकू नये, कारण तो औषधही शोषून घेतो.

बुडबुड्यास वर येण्यास सवड द्यावी

पाटाचे पाणी संथ झाले की गाळ तळाशी बसतो. बुडबुड्याचा न्याय हाच, केवळ दिशा उलटी. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे अर्धा सेंटिमीटर वर चढतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो.

खालच्या टाकीत काचेच्या तीन आडभिंती घालण्याची पद्धत आहे. पाणी पहिलीवरून, दुसरीखालून व तिसरीवरून जाते. या भिंती पुष्कळ जण फार जवळ बसवितात. समजा, पंप ताशी ६०० लिटर पाणी देतो. म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ घन सेंटिमीटर पाणी झाले. टाकी ३० सेंटिमीटर रुंद व पहिल्या दोन भिंतींत अंतर अडीच सेंटिमीटर असेल, तर तेथे पाणी सेकंदाला दोन सेंटिमीटरांहून अधिक वेगाने खाली जाते व बारीक बुडबुड्यास आपल्याबरोबर ओढून नेते. तेच अंतर १२ सेंटिमीटर केल्यास वेग अर्ध्या सेंटिमीटरच्या आत येतो व बुडबुडा वर सुटतो. जागा नसल्यास पंपाचा प्रवाह व्हॉल्व्हने थोडा कमी करावा, स्किमरच्या बाहेरच्या नळीस एल्बो लावून तोंड वरच्या बाजूस वळवावे, आणि वाटेत जाड स्पंज ठेवावा. स्पंज दोन-तीन दिवसांनी धुणे अगत्याचे आहे; न धुतल्यास अडकलेली घाण तेथेच कुजते व स्किमरने केलेले काम वाया जाते.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या टाकीत मात्र स्किमर लावू नये. पिल्लांचे सूक्ष्म जिवंत खाद्य तो फेसाबरोबर काढून टाकतो.

ग्रामसेवकांनी अशा टाकीस भेट देताना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : पाण्याची खूण केली आहे काय, स्किमर दहा मिनिटे बंद करून पाहिला काय, आणि रात्री यंत्र बंद ठेवता काय? तिसऱ्या प्रश्नास होकार आल्यास प्रथम ती सवय मोडावी, बुडबुड्यांचा विचार नंतर करावा. धुकट पाण्यात मासा जगतो, प्राणवायूवाचून तो जगत नाही.