पॉलिश पेपर कपाटात टाक

चि. भाचेबुवा,


फोटो पाहिले. १९६३ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार, तीही ती जिथं घडली त्या कॅलिफोर्नियातच तुझ्या हाती लागली, म्हणजे नशीब काढलंस. कुणीतरी काळा रंग फासलाय, तो घासून मूळ सनबर्स्ट करतो म्हणतोस. आधी तो पॉलिश पेपर कपाटात टाक.

काळा रंग फासलेलाच आहे कशावरून? त्या काळी फेंडरच्या रंगतक्त्यात काळाही होता, आणि कधीकधी कारखान्यातच सनबर्स्टवर दुसरा रंग मारत. तसं निघालं, तर तू घासून काढशील ती सगळ्यात दुर्मीळ गोष्ट! नेक काढून तिच्या खोबणीत आणि मागच्या स्प्रिंगांच्या खाचेत रंगाचे थर कसे बसलेत ते बघ. तरीही उलगडा झाला नाही तर जुनी वाद्यं हाताळणाऱ्या जाणत्या कारागिराला दाखव. मूळ लॅकर नायट्रोसेल्युलोजचं असतं. थिनर लावलास की वरच्याबरोबर खालचंही विरघळेल.

साल विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नकोस. तारा उतरवून पिकगार्ड उचल आणि नॉबखालच्या पॉटवरचे बारीक आकडे वाच. ३०४६३२० असेल, तर ३०४ म्हणजे पॉट बनवणारी स्टॅकपोल कंपनी, पुढे ६३ साल, विसावा आठवडा. अर्थात तो पॉटचा जन्म, गिटार त्यानंतरची. पॉट नंतर कुणी बदललेत का, हे सोल्डर सांगेल. जुनी, न हललेली सोल्डर दिसली तर सोल्डरिंग आयर्न लांब ठेव. खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब फिरव, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. मुका पिकअप मीटरवर साधारण ६ किलोओहम दाखवत असेल तर तो धडधाकट आहे, दोष वायरिंगमध्ये शोध. पिकअपच्या आतली तार तुटली असेल तर मूळ मॅग्नेट ठेवून नवी गुंडाळून घेता येते.

पिकगार्डला तडा जाणारच. ते सेल्युलॉइड आक्रसतं आणि स्क्रूपाशी चिरतं. वाजवायला नवं बसव, जुनं जपून ठेव. फक्त हवाबंद डब्यात नको, सेल्युलॉइडमधून निघणाऱ्या वाफेनं धातू गंजतो.

घासून, नव्यानं रंगवून चकाचक केलेल्या जुन्या गिटारीला जाणकार कमी पैसे देतात, आणि माझ्या मते बरोबर करतात. काढलेला एकही स्क्रू फेकू नकोस. नेकच्या खोबणीचे फोटो आधी मला पाठव, मगच पुढचं काय ते ठरवू.

तुझा,
मामा