गॅरेजात बुलेट लावताना

चि. मुग्धा हिस,


बुलेट आली, पण रात्री रस्त्यावर उभी असते, असं तुझी आई फोनवर म्हणाली. पावसाळ्याआधी तिला आत घे. गॅरेजात जागा नाही असं बाबांना वाटतं, त्याचं कारण आधी समजून घे. तुझ्या आजोबांनी ते बांधलं तेव्हा दारात फियाट होती, रुंदीला जेमतेम दीड मीटर. बाबांची नेक्सॉन लांबीला जवळपास फियाटएवढीच आहे, कारण चार मीटरच्या पुढे गेलं की कर वाढतो. रुंदीला मात्र ती 1.8 मीटर भरते. स्कूटर उभी राहायची त्यातली फूटभर जागा या वाढलेल्या रुंदीत गेली.

टेप घेऊन बस, पण गाडी किती जागा अडवते एवढंच मोजून थांबू नकोस. ती बाहेर कशी निघेल, तेही माप. बुलेट हँडलपाशी सुमारे 79 सेंटिमीटर रुंद आणि वजनाला 195 किलो. तिला ढकलत आणायची तर शेजारून चालणाऱ्या तुलाही जागा हवी. गॅरेज आतून दहा फूट रुंद आहे. कार डाव्या भिंतीला लावून, आरसा मिटवून उभी केली तर उजवीकडे मीटरभर पट्टा उरतो. बाबा उतरायचे त्याच बाजूने, आणि दार उघडून उतरायला दोन फूट तरी लागतात. म्हणून क्रम ठरवा: आधी कार, बाबा उतरून बाहेर आले की मागून तुझी बुलेट, शटरला लागून. तू रोज सकाळी निघतेस, कार रविवारी निघते, तेव्हा हे जमेल. फरशीवर खडूने दोन्ही गाड्यांच्या रेघा मारून आठवडाभर वापरून बघा, मगच रंग लावा.

गाडी मेन स्टँडवरच लाव. साइड स्टँडवर ती कलते आणि वीतभर जागा फुकट जाते. तो स्टँड टेकू करून गाडी गरकन फिरवणारी मुलं मी पाहतो. तू तसं करू नकोस, एवढं वजन त्या एका बोल्टवर येतं. आणि आत असताना हँडल लॉक लावायचं नाही. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. बाबांच्या छातीत दुखलं आणि कार काढायची वेळ आली, तर अंधारात तुझी किल्ली शोधत कुणी फिरता कामा नये. याबाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही.

आता आजोबांची चेतक स्कूटर. ती कारच्या पुढ्यात, मागच्या भिंतीशी आडवी राहते आणि तिथेच राहू दे. मात्र पेट्रोलचा कॉक बंद आहे ना, ते स्वतः बघ. जुना कॉक झिरपतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीलगत साठते. भिंतीत खाली जाळीचा झरोका आहे, त्याच्यासमोर रद्दीची पोती आहेत, ती आजच हलव. आईच्या इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग तिथे नकोच, बाहेर पोर्चमध्ये अर्थिंग असलेला पॉइंट काढून घ्या. शटर बंद ठेवून कुठलीही गाडी चालू करू नका, तो धूर घुसमटवून मारतो.

चेतकबद्दल मनातलंही सांगतो. आजोबांची आठवण म्हणून ती अडगळीत गंजणार असेल तर मला बघवणार नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते, ती संपली आहे का बघ. चालवणार असशील तर क्लच केबल आणि टायर मी बघतो. नसशील तर चालवणाऱ्याला देऊन टाक, बाबांना मी समजावतो. सायकली भिंतीला हूक मारून वर टांग, कारच्या बॉनेटवर येणार नाहीत एवढ्या अंतरावर. रंगाचे जुने डबे आणि फुटका कूलर कशासाठी ठेवलाय, ते आईलाच विचार.

मोजमापं झाली की कागदावर काढून फोटो पाठव. शटरपाशी उताराची उंची किती आहे तेही लिही, बुलेट चढवायला फळी लागेल का ते मला त्यावरून कळेल.

तुझा,
मामा