हार्ड डिस्कला धक्का लागला? खर्च करण्याआधी हे वाचा

केबल काढताना एक्स्टर्नल हार्ड डिस्क टेबलावर आदळली, तर ती बिघडते का? त्या क्षणी ती फिरत होती की थांबलेली, यावर सगळं अवलंबून आहे. थांबलेल्या डिस्कला हलका धक्का लागला तर घाबरू नका. आतली डेटा वाचणारी हेड्स तेव्हा बहुतेक डिस्कमध्ये तबकडीपासून बाजूला, रॅम्पवर टेकलेली असतात. चालू डिस्कची गोष्ट वेगळी. तबकडी बहुतेक वेळा मिनिटाला 5400 फेरे घेत असते आणि हेड तिच्यावरून जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. तेव्हाचा धक्का तबकडीवर ओरखडा पाडू शकतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिथे फक्त केबलची खाच जपा.

म्हणून क्रम पाळा. आधी इजेक्ट. डिस्क टेबलावर सपाटच राहू द्या, एका हाताने ती दाबून धरा, दुसऱ्या हाताने पिन सरळ ओढा. वायरला धरून हिसका देऊ नका. मग 10-15 सेकंद तिला हलवू नका, कारण वीज तुटल्यावरही तबकडी थोडा वेळ फिरते. बोट ठेवून पाहा, थरथर थांबली की उचला. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर कॉपी सुरू असताना वीज गेली की फाइली खराब होऊ शकतात. शक्यतो चार्ज झालेल्या लॅपटॉपवरच काम करा.

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीत लग्नाचं शूटिंग करणारे आणि परतवारी एकादशीचं कीर्तन रेकॉर्ड करणारे यांनी हे जास्त जपावं. त्यांचं काम पुन्हा शूट करता येत नाही, आणि ते बहुतेकदा एकाच डिस्कवर पडून असतं.

धक्का लागून गेलाय? तीच केबल लावा, कान जवळ न्या. नेहमीची मंद घरघर असेल तर सर्वांत महत्त्वाचे फोल्डर आधी दुसरीकडे घ्या, तपासणी नंतर. निळ्या यूएसबी पोर्टवर 1 टीबीला तीन ते पाच तास धरा. जुन्या काळ्या पोर्टवर नऊ-दहा तासही जातात. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. पिवळा ‘कॉशन’ दिसला, तर त्या डिस्कवर यापुढे काहीही ठेवू नका.

टक्-टक् किंवा बीप ऐकू आला तर लगेच काढा. पुन्हा लावून बघू नका, विंडोजचं चेकडिस्क चालवू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, हलकेच ठोकू नका. प्रत्येक वेळी लावताना ओरखडा वाढू शकतो, आणि वाचू शकणारा डेटा जातो.

आता पैसे. आवाज नीट आहे, पण डिस्क कधी दिसते, कधी नाही? आधी केबल बदला, 150 ते 400 रुपये. खाच ढिली असेल तर हिंगोलीत चांगला मोबाइल दुरुस्तीवाला काहीशे रुपयांत डाख देऊ शकतो. मात्र ‘बोर्डच बदलून देतो’ म्हणाला, तर डिस्क परत घ्या. बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची माहिती असते, दुसरा बोर्ड नुसता लावून चालत नाही. दुकानात टेबलावर डिस्क उघडू तर कधीच देऊ नका. ते काम धूळमुक्त खोलीत होतं, आणि आधी उघडलेली डिस्क डेटा काढून देणारी प्रयोगशाळा नाकारू शकते किंवा जास्त दर लावू शकते.

अशा प्रयोगशाळेचा खर्च: फाइली डिलीट झाल्या असतील तर साधारण तीन ते दहा हजार, हेड बदलायचं असेल तर पंधरा हजारांपासून पुढे. हा अंदाज आहे. ठरलेलं दरपत्रक सहसा नसतं. त्यावर 18 टक्के जीएसटी. छुपे खर्च इथे असतात: तपासणी फी, सुट्या भागांसाठी लागणारी दुसरी डिस्क, ‘अर्जंट’ आकार, डेटा भरून देण्याची नवी डिस्क. ‘डेटा नाही तर पैसे नाही’ म्हणत असतील, तर सुट्या भागांचे पैसेही परत मिळतात का, हे लेखी घ्या. वेळ आठवड्यापासून महिन्यापर्यंत.

पुण्या-मुंबईत स्टेलरसारख्या कंपन्यांच्या शाखा आहेत. डिस्क कुरिअरपेक्षा स्वतः न्या, हिंगोलीहून रेल्वे किंवा ट्रॅव्हल्सने, फोममध्ये गुंडाळून, पिशवीत कपड्यांच्या मध्ये. सोबत बिल, ओळखपत्र, लेबलचा फोटो (मॉडेल आणि सिरीयल नंबर), हव्या त्या फोल्डरांची यादी आणि पासवर्ड. डिस्क बिटलॉकरने लॉक केलेली असेल तर 48 अंकी रिकव्हरी की नक्की न्या, तिच्याशिवाय फाइली परत मिळूनही उघडणार नाहीत.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही. आदळल्याची खूण दिसली तर डिस्कही नाही. अपवाद आहे: सीगेटच्या काही मॉडेलसोबत ‘रेस्क्यू’ ही डेटा काढून देण्याची सेवा येते. खोका फेकण्याआधी त्यावर ती लिहिली आहे का पाहा, आणि सिरीयल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर मुदत तपासा.

डिस्क देताना पावती घ्या: सिरीयल नंबर, ठरलेली रक्कम, परत करण्याची तारीख. पावतीवर ‘डिस्क उघडण्याआधी फोन करावा’ हे स्वतःच्या हाताने लिहा. फसवणूक झालीच तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ई-जागृतीवर घरबसल्या भरता येतो.