काच तुमची, चलान तुमचं

ट्रकच्या काचांना फिल्म लावायला निघालेल्या प्रत्येक मालकाला आणि ड्रायव्हरला आधी एकच गोष्ट सांगतो. दुकानदार जो टक्का सांगतो तो नुसत्या फिल्मचा असतो. पोलिसांचं मीटर जो दाखवतं तो काच आणि फिल्म मिळून असतो. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत दुकानदार आपला धंदा करून घेतो आणि चलान आपल्या गाडीच्या नंबरावर फाटतं. माझ्या बाबतीत तर त्यानं सांगितलेला पहिला आकडाही खोटा निघाला.

फिल्म कशाला हवी होती, हे ज्यानं उन्हाळ्यात लांबची गाडी चालवली त्याला सांगायला नको. आम्ही तासगावचा बेदाणा वाशीला नेतो. परतीला पुण्याहून दुपारी निघालं की कराडपर्यंत सूर्य ड्रायव्हरच्या खिडकीतून थेट उजव्या हातावर. आमच्या गाडीवरचे तात्या जुने ड्रायव्हर. त्यांचे दोन्ही हात शेजारी ठेवले तर एका माणसाचे वाटत नाहीत. उजव्याची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत काळवंडलेली, जाड, सुरकुतलेली. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं २०१२ साली अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापला होता. २८ वर्षं गाडी चालवलेल्या त्या माणसाचा खिडकीकडचा गाल दुसऱ्या गालापेक्षा कितीतरी म्हातारा दिसतो. कारण साधं आहे. पुढची काच दोन थरांची असते, मधल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यात अतिनील किरण बहुतेक अडतात. बाजूची काच एकेरी, टफन केलेली. तिच्यातून हे किरण बऱ्यापैकी आत येतात. म्हणून फिल्म ही चैन आहे, पोरांची हौस आहे, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

कायदाही मी माहीत करून घेतला होता. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०० वा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल दिला, की कितीही टक्क्यांची असो, वरून फिल्म चिकटवायचीच नाही. कारखान्यातून काच जशी येते तशीच. पुढे नियमातच दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हे शब्द त्यात आले. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये म्हटलं, की ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारी फिल्म चालते. पण एका राज्यातल्या उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्यात आपोआप बंधनकारक होत नाही, आणि आपल्याकडे रस्त्यावर अजूनही पुष्कळ ठिकाणी २०१२ चाच निकाल धरून चलान होतं. हे सगळं मी त्या दुकानदारासमोर बोललो होतो. तो म्हणाला, “दादा, पन्नासच्या वर असलं की कुणी हात लावत नाही. मी सत्तरची सिरॅमिक देतो, बिनधास्त जावा.”

मी व्हॉट्सॲपवर लिहून विचारलं, काच धरून किती भरेल? त्यानं अंगठा पाठवला. तो अंगठा माझ्या मोबाईलमध्ये अजून आहे. पुढच्या काचेला हात लावायचा नाही, हेही त्याच मेसेजमध्ये लिहिलं होतं.

दुकानात त्यानं तो बल्बचा खेळ केला. लाल दिव्यासमोर काचेचा तुकडा धरायचा, मग फिल्म लावलेला तुकडा धरायचा आणि “हात लावून बघा, काही जाणवतं का?” असं विचारायचं. खरंच काही जाणवत नाही. पण त्या दिव्यातून मुख्यतः अवरक्त किरणच निघतात आणि फिल्म नेमके तेच अडवते. उन्हातली साधारण निम्मीच उष्णता त्या किरणांची असते, उरलेली बरीचशी दिसणाऱ्या उजेडातून येते. म्हणून “९५ टक्के हीट कट” हा आकडा ऐकून पैसे देऊ नका. एकूण सौर ऊर्जा किती अडते, तो आकडा मागा. माहितीपत्रकावर तो टीएसईआर या नावानं असतो आणि उजेड भरपूर आत सोडणाऱ्या फिल्ममध्ये तो ९५ च्या आसपासही नसतो.

गाडी लावून मी भाडं बघायला गेलो. परत आलो तेव्हा काम झालेलं, मजूर हात धुवून बसलेले. पुढच्या काचेवर वरच्या कडेला एक चकचकीत पट्टी दिसली. “ही आमच्याकडून फ्री,” दुकानदार म्हणाला. फास्टॅग होता तिथेच होता, म्हणून पुढे काही बोललो नाही. माल भरायची वेळ झाली होती.

पेठ नाक्यावरून हायवेला लागलो आणि तासवडेच्या टोलवर दांडा वर जाईना. मागे रांग, हॉर्नवर हॉर्न. टोलवरचा पोरगा हातातलं मशीन घेऊन केबिनवर चढला, टॅगवर फिरवलं, काही नाही. मग टॅगला बोट लावून म्हणाला, “काका, हा काढून परत चिकटवलाय.” बघतो तर खरंच, कडेनं पारदर्शक टेप. पट्टी बसवण्यासाठी त्यांनी टॅग सोलला होता आणि फिल्मवर टेपनं डकवला होता. टॅग बनवलेलाच असा असतो की सोलला की निकामी व्हावा, एका गाडीचा दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून. शिवाय ती चमकणारी पट्टी धातूचा थर असलेल्या फिल्मची होती; टॅग आणि टोलचं मशीन यांच्यातल्या रेडिओ लहरी असा थर अडवतो. नवा टॅगसुद्धा तिथे धड चालला नसता. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, सगळीकडे रोखीनं दुप्पट टोल भरत गेलो. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयनं भरलं तर सव्वापट घेतात. तेव्हा ती सोय नव्हती.

पण खरं काय ते कळलं खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर. पुढे महामार्ग पोलिसांची तपासणी चालू होती. साहेबांनी कायद्याचा वाद घातलाच नाही. काच अर्धी खाली घ्यायला सांगितली आणि मुठीत मावेल असं दोन तुकड्यांचं यंत्र लावलं. एक तुकडा आतून, एक बाहेरून, लोहचुंबकानं एकमेकांना धरून. छोट्या पडद्यावर आकडा आला, २९. त्यांनी यंत्र काढून पुसलं आणि परत लावलं. पुन्हा २९. क्लीनरच्या बाजूला ३०. माझ्या हातात दुकानदारानं दिलेलं ७० टक्क्यांचं सर्टिफिकेट होतं. साहेबांनी ते वाचलं आणि शांतपणे परत दिलं. “कागद गाडीला चिकटलेला नाही, फिल्म चिकटली आहे,” एवढंच बोलले. त्यांचं काही चुकलं नाही. पहिल्यांदा ५०० रुपये, पुढच्या वेळी १५००. दंडाच्या रकमेचं मला काही वाटलं नाही. सत्तर म्हणून पैसे मोजल्यावर रस्त्यावर मी फसवणारा ठरलो, ते लागलं.

आल्यावर दुकानात गेलो. माणूस तोच, पण ओळख गेलेली. आधी म्हणाला मीटर बिघडलेलं असेल. मग म्हणाला पोलिसांशी गोड बोलायचं असतं. मग, “आम्ही सगळ्या ट्रकना हीच लावतो, तुमचीच तक्रार कशी?” मेसेज दाखवला तर म्हणाला, “अंगठा म्हणजे मेसेज मिळाला, एवढंच.” बिलावर लिहिलेलं, ‘ॲक्सेसरीज, १ नग’. फिल्मचं नाव नाही, टक्का नाही, कोणत्या काचा तेही नाही. टॅगबद्दल विचारलं तेव्हा त्यानं मजुराकडे बोट दाखवलं आणि मजूर गावाला गेला होता.

फिल्म मी दुसरीकडे काढून घेतली. त्या कारागिरानं काच हीट गननं गरम करून कोपऱ्यातून सावकाश सोलली, गोंद साबणाच्या पाण्यानं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढला. मग त्यानं माझ्यासमोर कोरडी काच मोजली. ७६. आता हिशेब कुणीही करावा. ७६ टक्क्यांच्या काचेवर ७० ची फिल्म लावली तर ५३ यायला हवेत, नियमाच्या आत. २९ आले, म्हणजे फिल्म ३८ च्या आसपासची होती. सत्तरची सांगून जवळजवळ निम्मी, आणि दर मात्र सिरॅमिकचा. फिल्म निघाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. दाराच्या रबराला लागून काचेवर आडवी रेघ. फिल्म काचेवरच ठेवून ब्लेड दाबून कापल्याची. नखानं चाचपली की नख अडकतं. काच बदलेपर्यंत ती तशीच राहणार.

आता जे फिल्म लावणारच आहेत त्यांच्यासाठी.

काम सुरू व्हायच्या आधी कोरडी काच तुमच्यासमोर मोजून घ्या आणि आकड्याचा फोटो काढा. ज्याच्याकडे मीटर नाही त्याच्याकडे फिल्म लावू नका. गुणाकार तिथेच करा. काच ७५ ची असेल तर ५० ची फिल्म लावून ३७ येतात, म्हणजे चलान ठरलेलं. रोल डब्यातून तुमच्यासमोर काढायला सांगा. बिलावर कंपनी, मॉडेल, टक्का आणि कोणत्या काचा, हे सगळं हवं.

पुढच्या काचेवर फिल्म नको. पट्टी नको, फुकट दिली तरी नको. काम सुरू होण्याआधी फास्टॅगचा फोटो काढून ठेवा आणि काम संपल्यावर त्याच्या कडा बोटानं तपासा.

रात्रीचा विचार दिवसा करा. ट्रकचे दोन्ही आरसे आपण बाजूच्या काचांतून बघतो. काच काळी झाली की रात्री पावसात डावीकडून घुसणारा दुचाकीवाला आरशात दिसतच नाही. गाडी मागे घेताना क्लीनरचा हात दिसत नाही. दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली उभं राहून हे कळत नाही.

केबिनच्या गरमीचा मोठा वाटा सीटखालच्या इंजिनातून येतो. जुन्या गाडीत इंजिनवरच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं, आतलं अस्तर फाटलेलं असतं. आधी ते बदला, खर्च कमी आणि फरक लगेच कळतो. हे काम फिल्म कधीच करणार नाही.

लावताना जागा बंद आणि जमीन ओली हवी. रस्त्याकडेच्या धुळीत लावलेल्या फिल्मखाली कण राहतातच. पाण्याचे फुगे काही दिवसांत आपोआप जातात; धुळीचे कण आणि सुरकुत्या जात नाहीत, म्हणून त्यावर “वाळलं की बसेल” हे उत्तर ऐकून घेऊ नका. नंतर तीन ते पाच दिवस काच खाली करायची नाही. म्हणजे गाडी कामासाठी उभी असेल तेव्हाच हे काम काढा, माल भरायच्या आदल्या दिवशी नको. काच पुसायला अमोनियाचा स्प्रे वापरू नका.

पासिंगचीही तारीख बघा. फिटनेसला गाडी नेल्यावर इन्स्पेक्टरनं फिल्म काढायला लावली तर तो खर्चही तुमचाच.

आणि सगळ्यांना सांगतात ते मीही सांगतो. घाई करू नका, चार दुकानं फिरा, ओळखीच्याला विचारा.

ज्यांना यातलं काहीच नको, त्यांच्यासाठी सरळ रस्ता कारखान्यातल्या हिरवट काचेचा. बाजूची काच बदलायची वेळ आली की कोपऱ्यात आयएस २५५३ कोरलेली, अतिनील किरण अडवणारी काच मागा. कोरलेली खूण असली की वाद मिटतो. हातासाठी सुती बाही आहेच. तात्या आता तीच घालतात.

दुकानदारानं फसवलं तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू येत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली येते, आणि स्वतः गाडी चालवणारा मालक त्यात बसतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर. पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येईल. रस्त्यावर दंड चालवणाऱ्याला होतो. खोटा टक्का सांगून फिल्म विकणाऱ्याला कुणी अडवत नाही. ते बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत मीटर आणि धड बिल मागितल्यावर जो माणूस नाक मुरडतो, त्याच्या दुकानातून गाडी तशीच बाहेर काढा.